बी१२ला दोष देण्याआधी स्ट्रिपची मागची बाजू वाचा

बाबांचं बी१२ दोन हजारांवर गेलंय आणि तळपायाला मुंग्या येतात, म्हणून बी१२ बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, रिटायर्ड बँकवाला आहे. पण याच मुंग्यांपायी नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यांच्या बऱ्याच चकरा मारल्यात.

इंजेक्शनं किंवा गोळ्या सुरू असल्या की रक्तातलं बी१२ वर जाणारच. त्यानं नसा बिघडत नाहीत. बिघडतात त्या बी१२ कमी पडल्यानं. (काहीच न घेता एवढं वाढलं असेल तर लिव्हर, किडनी, रक्त तपासावं लागतं, तो वेगळा विषय.) जास्त झालं की नसांना बाधतं ते बी६, म्हणजे पायरिडॉक्सिन.

माझी तळपायाची आग व्हायची म्हणून मेडिकलवाल्यानं 'नसांची' कॅप्सूल दिली. दुसरी गोळी जुन्या चिठ्ठीवरची, वर्षभर तशीच चालू. वरून मुलीनं आणलेलं मल्टीव्हिटॅमिन. सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा; एक हात नळावर ठेवूनच तोंड धुवायचो. चप्पल पायातून निसटली तरी पत्ता नाही. ताकद मात्र शाबूत, म्हणून घरचे म्हणायचे, वय झालं बाप्पा!

न्यूरोलॉजिस्टनं सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणायला सांगितलं. भिंगातून मागची बारीक अक्षरं वाचली आणि चिठ्ठीवर रोजच्या बी६ची बेरीज मांडली: १०० अधिक १०० अधिक ३. रोजची गरज २ मिलिग्रॅमच्या आसपास!

पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जातं, या भरवशावर आपण असतो. पण १९८३ साली अमेरिकेत रोज २ ते ६ ग्रॅम बी६ घेणाऱ्या सात जणांचा तोल आणि स्पर्श गेल्याचं छापून आलं. पुढे कमी डोसवरही, महिनोन्‌महिने घेतल्यावर, हा त्रास दिसला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये मोठ्यांसाठी रोजची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली.

एक सांगून ठेवतो, मला कुणी सांगितलं नव्हतं. बी६ बंद केल्यावर पहिले तीन आठवडे मुंग्या उलट वाढल्या. घाबरून परत सुरू करणार होतो. मग हळूहळू, महिने लागून, उतरल्या. बोटांच्या टोकांना अजून थोडं बधिर आहेच.

टीबीच्या औषधांसोबत दिलेलं बी६ मात्र स्वतःहून थांबवू नका, ते नसा वाचवायलाच असतं. आणि बाबा शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात का? त्यानं बी१२ कमी होतं, तेव्हा इंजेक्शन त्यासाठीच असेल. आज सगळ्या स्ट्रिपांवरचं पायरिडॉक्सिन बेरीज करून इथे टाका, आणि तोच कागद डॉक्टरांना दाखवा.