सतरा इंची दंड आणि रिकामा रिपोर्ट

या महिन्याच्या पत्रांत तीन पत्रं स्टेरॉईड या एकाच विषयाची निघाली. तिन्ही पुरुषांच्या अंगाबद्दलची. पस्तीस वर्षं बेळगावात बाळंतपणं केलेल्या बाईनं दंड-बेटकुळ्यांवर काय बोलावं, असं कुणाला वाटेल. माझा त्यांच्याशी काय संबंध आला, ते दुसऱ्या उत्तरात सांगते.

पत्र पहिलं, निपाणीहून

बाई, माझे मिस्टर ५२ वर्षांचे. हार्डवेअरचं दुकान आहे. दीड वर्षापूर्वी शुगर निघाली म्हणून जिमला जायला लागले, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आता सहा महिने झाले, जिमचा मास्तर दर रविवारी त्यांना कमरेत इंजेक्शन देतो. ‘टेस्टो’ म्हणतात. छाती-दंड भरलेत, खोटं कशाला बोलू. पण चेहरा कायम लालबुंद, घोरणं असं की मुलं माडीवर झोपायला गेलीत, आणि गिऱ्हाइकाशीसुद्धा हमरीतुमरी. मी काही बोलले की मोबाईलवर साठीला टेकलेल्या हिरोंचे उघडे फोटो दाखवतात. ‘त्यांना चालतंय, मग मलाच का नको?’ म्हणतात. काय सांगू?

उत्तर

ताई, आधी फोटोंचं बघू. कुठला नट काय टोचून घेतो ते त्याला आणि त्याच्या डॉक्टरला ठाऊक. फोटो बघून शिक्का मारायला मी काही ज्योतिषी नाही. पण असा फोटो तयार कसा होतो ते सांगता येतं. शर्ट काढायच्या एका सीनसाठी महिनोन्महिने तयारी चालते. शेवटच्या दिवसांत पाणी आणि मीठ तोडतात, म्हणजे कातडी स्नायूला चिकटून दिसते. कॅमेऱ्यापुढं येण्याआधी जोर मारून दंड फुगवतात, अंगाला तेल लावतात, उजेड वरून तिरका सोडतात. उरलंसुरलं संगणकावर होतं. त्या दिवशी तो माणूस तहानेनं कासावीस असतो, ते फोटोत येत नाही. शिवाय स्वयंपाकी वेगळा, व्यायामाचा मास्तर वेगळा, आणि अंग कमावणं हाच धंदा. तुमच्या मिस्टरांना सकाळी शटर उघडायचं असतं.

जे जाहीर आहे तेवढं मात्र बोलायला हरकत नाही. २००७ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात सिडनीच्या विमानतळावर हॉलीवूडचा नट सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या सामानात वाढीच्या हार्मोनच्या ४८ कुप्या सापडल्या. वय तेव्हा साठ. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. तिथलाच दुसरा नट आर्नोल्ड श्वार्झनेगरनं तर आपण तरुणपणी स्टेरॉईड (दंड भरवणारी, पुरुषी हार्मोनच्या घराण्यातली औषधं; ‘टेस्टो’ त्यातलंच) घेतल्याचं स्वतःच सांगितलंय, आणि आता तो पोरांना त्या वाटेला जाऊ नका म्हणतो. साठीतल्या सपाट पोटामागं दर वेळी नुसती उकडलेली कोंबडी असते असं नाही, एवढं मिस्टरांना जरूर सांगा.

आता लाल चेहरा. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. बाहेरून टोचलेलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, हाडातल्या मगजाला तांबड्या पेशी जास्त करायला लावतं. रक्त घट्ट होत जातं. सीबीसी या साध्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही असा आकडा असतो, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते. तो ५४ च्या वर गेला तर औषध म्हणून रीतसर इंजेक्शन देणारा डॉक्टरसुद्धा ते थांबवतो. जिमचा मास्तर हा आकडा बघतो का, विचारा त्यांना. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तोही या सुईनं वाढू शकतो, म्हणून घोरण्याकडं हसण्यावारी बघू नका. याच आठवड्यात सीबीसी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी आणि एक ईसीजी करून घ्या. प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची तपासणी पण.

चाळिशीनंतर हे हार्मोन वर्षाला साधारण एक टक्का उतरतं, हे खरं. पण पोटाची चरबी, शुगर आणि अपुरी झोप ते त्याहून जास्त पाडतात, आणि पोटावरची चरबी याच हार्मोनचं बायकांच्या इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. म्हणजे मिस्टर जिमला गेले ते अगदी बरोबर औषध होतं. वजन उतरलं की आकडा पुष्कळदा आपला आपण वर येतो. सुई टोचण्याआधी त्यांचा आकडा कुणी बघितला होता का? तो सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा बघायचा असतो. दोन्ही वेळा कमी आला आणि तक्रारीही असल्या, तरच इलाजाचं बोलायचं. गालगुंडांनी वृषणं बिघडलेले, मेंदूतल्या पिट्युटरीत गाठ असलेले, जन्मतः दोष असलेले असे पुरुष असतात आणि त्यांना हे औषध वरदान आहे. अशा कमतरतेच्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. देखरेखीखाली औषध दिल्यावर हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात रक्ताची गाठ अडकणं हे जास्त दिसलं. हा हिशेब नेमक्या मात्रेचा आणि नियमित तपासणीचा. रविवारच्या सुईत किती मिलिग्रॅम असतं, ते मास्तरला तरी ठाऊक असेल का?

भांडून बंद करायला लावू नका. सुई थांबली की काही आठवडे, कधी काही महिने, माणूस गळून जातो, उदास होतो, आणि त्या भीतीनं परत मास्तरकडं पळतो. हार्मोनच्या डॉक्टरांकडं, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडं, दोघं मिळून जा. आणि कुपी बरोबर न्या. लेबल फाडलेलं असलं तरी न्या.

पत्र दुसरं, बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून

डॉक्टर मॅडम, मी २५ वर्षांचा. पहिल्यापासून तालमीत होतो, चार वर्षांपासून शरीरसौष्ठव करतो. स्पर्धेसाठी दोन वर्षांत स्टेरॉईडच्या तीन सायकल, म्हणजे कोर्स, मारल्या. डायना गोळ्या, टेस्टो आणि डेकाची इंजेक्शनं. छातीत एका बाजूला गाठ आल्यासारखी वाटते, दुखते. दिवाळीनंतर लग्न आहे. मुलं होण्यात अडचण येईल का? घरात कुणाला माहीत नाही. माझा मित्र वर्कआऊटच्या आधी शिरेत एक इंजेक्शन घेतो, तो म्हणतो ते स्टेरॉईड नाही म्हणून सेफ आहे.

उत्तर

बाळ, पत्र लिहिलंस हे फार बरं केलंस. तुझ्या वयाची पोरं माझ्याकडं येतात तेव्हा लग्नाला चार-पाच वर्षं होऊन गेलेली असतात, आणि तीही बायकोची पिशवी धरून.

अशी एक जोडी खानापूर तालुक्यातून आली होती. चार वर्षांत त्या पोरीच्या सात सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस आणि सासूचे टोमणे, सगळं झालेलं. नवऱ्याची तपासणी एकदाही नाही. मी चिठ्ठी लिहायला घेतली तर तो बाही वर करून म्हणाला, “माझ्याकडं बघा की डॉक्टर, माझ्यात काय कमी हाय?” दंड सतरा इंची होता, त्यानंच सांगितलं. रिपोर्ट आला, त्यात शुक्राणूंच्या रकान्यात ‘नाही’. एकही नाही. त्यानं बायकोला बाहेर बसायला सांगितलं आणि मग सुयांचं बोलला. मी तिला परत आत बोलावलं. चार वर्षं ती बाहेर बसून काय ऐकत होती, ते त्यालाही कळायला हवं होतं.

हे असं का होतं, ते आपल्या मुलखातल्या उदाहरणानं समजून घे. साखर कारखान्याचं गोदाम बाहेरच्या साखरेनं शिगोशीग भरलं तर गव्हाणीत ऊस टाकायचा हुकूम कोण देईल? मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी रक्तात हार्मोन किती आहे ते बघून वृषणाला हुकूम सोडते. सुईनं रक्त भरलं की हुकूम बंद, आणि गाळपही बंद. गंमत अशी की शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त हार्मोन लागतं, आणि ते तिथंच बनावं लागतं. सुईतलं तिथवर पुरत नाही. म्हणून रक्तात महापूर आणि वृषणात दुष्काळ. ती आकारानंही लहान होतात, हे तुझ्या लक्षात आलं असेल, पण तू लिहिलं नाहीस.

आणखी एक सांगते, तुझ्या जिममध्ये वाचून दाखव. जागतिक आरोग्य संघटनेनं अनेक देशांतल्या पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन बघितलं. निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. कशासाठी दिलं होतं? संततिनियमनासाठी. बहुतेकांचे शुक्राणू काही महिन्यांत शून्यावर आले. मर्दानगीच्या नावानं जी कुपी विकली जाते, ती पुरुषांचा पाळणा थांबवायचं औषध म्हणून तपासली गेलीय.

बातमी सगळी वाईट नाही. सुया थांबवल्या की बहुतेकांचा कारखाना पुन्हा सुरू होतो. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळं महिन्याभरात रिपोर्ट बदलणार नाही. सहा महिने, वर्ष, काहींना दोन वर्षंही लागतात. जितकी जास्त वर्षं घेतलं तितका जास्त वेळ, आणि थोडे जण पूर्वपदावर येतच नाहीत. डेका अंगात फार काळ रेंगाळतं. आता लगेच वीर्याची तपासणी कर. तीन दिवस संयम पाळून, चांगल्या लॅबमध्ये. बरोबर रक्तातलं एलएच, एफएसएच (हे पिट्युटरीचे हुकूम) आणि टेस्टोस्टेरॉन. मग युरोसर्जन किंवा अँड्रॉलॉजिस्टकडं, म्हणजे पुरुषांच्या वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडं, जा. वृषणाला जागं करायची औषधं आहेत, पण ती जिममध्ये सायकलनंतर देतात त्या ‘पीसीटी’च्या पुडीतून घेऊ नकोस.

छातीतली गाठ म्हणजे बहुधा गायनेकोमास्टिया. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि पुरुषाला स्तनाची गाठ धरते. कोवळी, दुखरी असताना औषधानं विरघळू शकते. घट्ट झाली की शस्त्रक्रियाच. म्हणून लाजून दिवस घालवू नकोस. डायना, म्हणजे मेथँडिएनोन, पोटात घ्यायची गोळी असल्यानं थेट लिव्हरला गाठते. त्याचीही तपासणी कर. २०१६ मध्ये ऑलिंपिकच्या तोंडावर पैलवान नरसिंग यादवच्या नमुन्यात हेच द्रव्य सापडलं होतं. आपल्या खाण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं, पण क्रीडा लवादानं ते मानलं नाही आणि चार वर्षांची बंदी बसली.

मित्राचं इंजेक्शन बहुधा मेफेंटरमाईन. ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाचा रक्तदाब कोसळला तर भूलतज्ज्ञ ते देतात, समोर मॉनिटर लावून. धडधाकट पोरानं ते शिरेत घेऊन वजनं उचलायची म्हणजे रक्तदाब आणि ठोके दोन्ही भडकवायचे. त्याची सवयही लागते. स्टेरॉईड नाही हे खरंय. सेफ आहे हे कुणी सांगितलं? आणि एका कुपीत दोघा-तिघांच्या सुया जात असतील तर तुम्ही सगळे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या.

माझे वडील शहापुरात तालमीत जायचे. बायकांना आत मज्जाव, म्हणून मी दुधाची किटली उंबऱ्यावर ठेवून परत फिरायची. बदाम, थंडाई, जोर-बैठका, आणि हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक नि हळद. त्या पैलवानांचं पोट काही सहा तुकड्यांचं नव्हतं. म्हातारपणी गुडघे गेले, खुराक सुटेना म्हणून कैकांना शुगर झाली. तेव्हाचं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणत नाही. पण पाळणा हलेना म्हणून त्यांच्यापैकी कुणी माझ्या दारात आल्याचं आठवत नाही.

लग्नाचं विचारलंस. मोडू नकोस. पण अक्षता पडायच्या आधी त्या मुलीला सांग. रिपोर्ट हातात घेऊन सांग, आणि मोठ्या माणसांच्या घोळक्यात नको, दोघंच असताना. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क. वर्षभर मूल झालं नाही तर हळदी-कुंकवाला प्रश्न तिला विचारले जाणार आहेत, तुला नाही.

त्या खानापूरच्या जोडीचं पुढं काय झालं असं विचारशील. तो दर तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन यायचा, दंड बारीक होत गेले. चौदाव्या महिन्यात रकान्यात पहिल्यांदा आकडा आला, तोही थोडाच. नंतर ती दोघं आली नाहीत.

पत्र तिसरं, खानापूरहून

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६८. दम्यासाठी डॉक्टरांनी पंप दिलाय, त्यात स्टेरॉईड आहे असं कळलं. जिमला जाणारा नातू म्हणतो, आजोबा बॉडीबिल्डर होणार. चेष्टा सोडा, पण हे घ्यावं की सोडावं?

उत्तर

गुरुजी, नाव एक, घराणी दोन. नातवाच्या जिममधली ती अ‍ॅनाबॉलिक, पुरुषी हार्मोनच्या घराण्यातली. तुमच्या पंपातलं कॉर्टिकोस्टेरॉईड, सूज उतरवणारं. त्यानं दंड फुगत नाहीत, उलट त्याच्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर स्नायू झिजतात आणि चेहरा पुरणपोळीसारखा गोल होतो. पंपातून मात्रा अगदी थोडी, आणि ती थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून तो बिनघोर घ्या, मनानं बंद करू नका. गोळ्या चालू असतील तर त्या तर एकदम मुळीच सोडायच्या नाहीत.

नातवाला मात्र विचारा, वजन वाढवायची पावडर कुठली खातो. डब्यावर नाव-गाव नसलेल्या पुडीत कधी कधी तुमच्याच घराण्यातलं डेक्सामेथासोन घातलेलं असतं, भूक आणि वजन वाढावं म्हणून. महिन्यात गाल वर आले असतील तर पुडी घेऊन त्याला तुमच्याच डॉक्टरांकडं न्या.

आणि पंप ओढल्यावर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरा. नाहीतर तोंडात पांढरा बुरा धरतो आणि मग भाकरीबरोबरची चटणी झोंबते.