उष्णतेची लाट, हवामानबदल आणि करपलेला काजूचा मोहोर

गोव्यातील सत्तरी तालुक्यातील काही काजू बागायतदारांनी विचारले आहे की, मार्चच्या उन्हात मोहोर करपला तो मानवनिर्मित हवामानबदलामुळेच का, आणि कृषी कार्यालयाकडून तसा दाखला मिळेल का.

असा दाखला देता येत नाही. अमुक दिवसाची उष्णता हवामानबदलाने आणली, असे शास्त्रज्ञही म्हणत नाहीत; माणसाने वातावरणात कार्बन वायू सोडले नसते तर तशी उष्णता किती वर्षांतून एकदा आली असती आणि आज किती वर्षांतून एकदा येते, याची ते तुलना करतात. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये भारत आणि पाकिस्तानात आलेल्या लाटेची शक्यता मानवी कारणांमुळे सुमारे ३० पटींनी वाढली होती, असा निष्कर्ष ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने काढला. मात्र मे २०१६ मध्ये राजस्थानात फलोदी येथे पारा ५१ अंशांवर गेला, तेव्हा असा स्पष्ट संबंध दाखवता आला नाही. हवेतील प्रदूषणाचे कण ऊन अडवतात आणि ओलिताखालील जमीन हवा थंड करते, त्यामुळे तापमानवाढीचा काही भाग झाकला जात असावा, असे अभ्यासकांचे मत पडले.

गोव्यात आणखी एक अडचण आहे. किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल, तरच हवामान खाते त्यास लाट म्हणते. पूर्वेकडून घाट उतरणारे कोरडे वारे जोर धरतात आणि खारे वारे दुपारी उशिरा सुटतात, तेव्हा आपल्याकडे पारा चढतो. हे पूर्वीही घडत असे. आता ते मुळातच तापलेल्या हवेत घडते. यात वाऱ्याचा वाटा किती आणि तापमानवाढीचा किती, हे पणजीच्या नोंदींवरून सत्तरीतील वाळपईच्या डोंगरउतारावरील बागेसाठी ठरवणे धाडसाचेच होईल.

शिवाय करपलेला प्रत्येक तुरा उन्हानेच करपलेला नसतो. देठावर लांबट काळपट चट्टे आणि डिंकासारखा स्राव दिसल्यास तो ढेकण्या (टी मॉस्किटो बग) या किडीचा उपद्रव समजावा. चट्टे नसताना फुले नुसती वाळून गळत असतील, तर उष्णतेचा संशय घ्यावा. ढेकण्यासाठी शिफारशीतील औषध मधमाश्यांचा वावर थांबल्यावर, संध्याकाळीच फवारावे.

पाण्याची सोय असल्यास दर १५ दिवसांनी झाडामागे सुमारे २०० लिटर पाणी द्यावे आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, मात्र आग आत येऊ नये म्हणून बागेच्या कडेने जाळरेषा (गवत-पाला काढलेला मोकळा पट्टा) साफ ठेवावी; मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात पेटलेले वणवे सत्तरीकरांना ठाऊकच आहेत.

मदतीच्या अर्जासाठी हवामानबदलाच्या पुराव्याची वाट पाहू नये. पाहणीत नुकसान किती झाले हे पाहिले जाते. म्हणून करपलेले तुरे छाटण्यापूर्वी छायाचित्रे घेऊन विभागीय कृषी कार्यालयास लगेच कळवावे.