अप्रेंटिस करू का मामांबरोबर वायरिंगला जाऊ?

प्रश्न : सर, माझा दोन वर्षांचा आयटीआय इलेक्ट्रिशियन ट्रेड पूर्ण झालाय. वाळूजच्या एका कंपनीत वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळतेय पण स्टायपेंड अगदीच कमी वाटतो. मामा घरांच्या वायरिंगची कामं घेतात, ते म्हणतात माझ्याकडे ये, लगेच पैसे सुरू. काय करू?
– एक वाचक, वैजापूर

उत्तर : अप्रेंटिस कर रे, पण आधी एक गोष्ट बघ. ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर तुझं रजिस्ट्रेशन आणि कंपनीबरोबरचा करार दिसतोय का? दिसत नसेल तर ती १९६१ च्या कायद्यातली अप्रेंटिसशिप नाहीच, नुसतं हेल्परचं काम आहे, नाव तेवढं भारी. करार असला की स्टायपेंड कायद्याने बांधलेला, कामावर इजा झाली तर भरपाई मालकाकडे, आणि शेवटी परीक्षा पास झालास की नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट. रेल्वेच्या ग्रुप डी भरतीत अप्रेंटिस केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात, पण त्या रेल्वेतच अप्रेंटिस केलेल्यांना, खासगी कंपनीत केलेल्यांना नाही, हे बऱ्याच पोरांना फॉर्म भरायच्या दिवशी कळतं!

कंपनी नंतर परमनंट करेलच असं मात्र धरून चालू नकोस, तसं बंधन कायद्यात नाही.

आता खरं काम. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरला सांग, मला मेंटेनन्सला टाका, नाहीतर वर्षभर लाइनवर स्क्रू आवळत बसशील. मेंटेनन्सला जे दिसतं ते आयटीआयच्या बोर्डवर दिसत नाही. समज थ्री फेज मोटार नुसती घूं घूं करतेय, फिरत नाही, तू टेस्टर लावतोस तर तिन्ही फेजवर पेटतो, मग म्हणतोस सप्लाय तर आहे! पण एक फ्यूज उडालेला असतो आणि त्या फेजवर मोटारच्या वाइंडिंगमधूनच उलटा सप्लाय येत असतो. जुना मिस्त्री मीटरची एक पिन फ्यूजच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला लावतो, ज्याच्यावर व्होल्टेज दाखवलं तो उडालेला. हे शिकायला अशा माणसाच्या मागे पाना घेऊन उभं राहावं लागतं.

मामांचं काम वाईट आहे असं नाही हं, त्यात पैसा आहे. पण त्यांना एकदा विचार, महावितरणच्या नव्या कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टवर, म्हणजे वायरिंग तपासल्याच्या कागदावर, सही तुमच्या स्वतःच्या लायसनवर होते की दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरची आणता? दुसऱ्याची आणत असतील तर मग अप्रेंटिस संपल्यावर तूच वायरमन परवान्याचं बघ, पुढे कॉन्ट्रॅक्टरच्या लायसनचं, म्हणजे घरातच सही होईल. तोवर सुट्टीच्या दिवशी जात जा त्यांच्याकडे.