विद्यापीठाचे देणगीसाठी येणारे फोन थांबत नाहीत

प्रश्न : पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी विद्यापीठातून बाहेर पडलो त्याला अकरा वर्षे झाली. गेली दोन वर्षे तेथून देणगीसाठी सतत फोन येत आहेत, तेही बहुधा संध्याकाळी. बोलणारी मुले तेथेच शिकणारी असतात आणि अदबीने बोलतात, त्यामुळे त्यांना तोडून बोलणे जमत नाही. पहिल्या वेळी पिच्छा सुटावा म्हणून मी लहानशी रक्कम दिली. पुढे ‘सध्या अडचण आहे’ असे सांगू लागलो आणि हल्ली तर फोन उचलतच नाही. मला तेथे शिष्यवृत्ती मिळाली होती, म्हणून नकार देताना अपराधी वाटते. शिवाय गुणपत्रिकेच्या प्रतींसाठी पुन्हा याच संस्थेचे दार ठोठवावे लागेल, ही धास्ती आहेच. संबंध न बिघडवता हे फोन कसे थांबवावेत?
— एक माजी विद्यार्थी

उत्तर : फोन थांबावेत म्हणून आपण जे तीन उपाय केलेत, त्या तिन्हींमुळे ते येतच राहिले असण्याची शक्यता मोठी आहे. हे समजण्यासाठी फोनच्या पलीकडच्या टोकाला काय चालते ते पाहावे लागेल. तेथे बसलेल्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर आपले नाव, शाखा, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि मागील देणगीची रक्कम असते, शेजारी बोलण्याचा ठरीव मसुदा असतो. त्या मसुद्यात आधी मोठी रक्कम मागायची, नकार आल्यास त्याहून कमी, मग आणखी कमी, अशा उतरत्या पायऱ्या असतात. म्हणजे आपला पहिला नकार हा त्याच्या दृष्टीने संभाषणाचा शेवट नसून दुसरी पायरी असते. फोन संपला की त्याला निकालाची नोंद करावी लागते. ‘उचलला नाही’ आणि ‘नंतर करा’ अशी नोंद झालेले क्रमांक पुन्हा रांगेत जातात, आणि ‘सध्या अडचण आहे’ या वाक्याची नोंद साहजिकच ‘नंतर करा’ अशी होते. नुसता ‘नकार’ बहुधा त्या मोहिमेपुरताच धरला जातो. क्रमांक यादीतून खरोखर बाहेर काढणारी नोंद एकच, ‘पुन्हा फोन करू नये’, आणि ती आपण स्पष्ट शब्दांत मागितल्याशिवाय कोणी आपणहून करत नाही.

आता त्या लहानशा देणगीविषयी. ज्याने कधीच दिले नाही त्याच्याकडून पहिली देणगी मिळवण्यापेक्षा ज्याने एकदा दिली त्याच्याकडून दुसरी मिळवणे सोपे, हा या व्यवसायातला जुना अनुभव आहे, म्हणून एकदा देणाऱ्याचे नाव यादीत वर सरकते. (मीही एकदा अशीच किरकोळ रक्कम देऊन सुटका करून घ्यायला गेलो होतो, आभाराच्या पत्रातच पुढच्या वर्षीच्या देणगीचा अर्ज निघाला.) इतक्या क्षुल्लक रकमेसाठी एवढा आटापिटा का, असा प्रश्न पडेल. येल विद्यापीठाने 1890 मध्ये माजी विद्यार्थ्यांचा निधी सुरू केला, तेव्हापासून दरवर्षी पुष्कळांकडून थोडेथोडे गोळा करण्याची ही पद्धत अमेरिकेत रुजत गेली. पुढे किती रक्कम आली याबरोबरच किती टक्के माजी विद्यार्थ्यांनी दिली यालाही महत्त्व आले. ‘यू. एस. न्यूज’ या अमेरिकी प्रकाशनाच्या महाविद्यालयीन क्रमवारीत तर या टक्केवारीला गुण होते, ते 2023 मध्ये काढून टाकण्यात आले. आपली छोटी देणगी म्हणूनच त्यांना मोलाची वाटत होती.

तेव्हा आता फोनवर वाद घालू नका आणि फोन टाळूही नका. पुढचा फोन उचला आणि पहिल्याच वाक्यानंतर, कारण न सांगता, एवढेच म्हणा : “मी देणगी देणार नाही. माझा क्रमांक ‘फोन करू नये’ या यादीत घालावा आणि तशी नोंद आत्ताच करावी.” कारण दिले की त्या कारणावरचे उत्तर मसुद्यात तयार असते. समोरच्या मुलाला वाईट वाटेल याची चिंता नको. त्याला दिवसाकाठी असे कितीतरी नकार मिळतात, आणि अर्ध्या मिनिटात मिळालेला स्पष्ट नकार त्याला दहा मिनिटांच्या चुळबुळीपेक्षा बरा वाटतो.

खरे काम मात्र लेखी ईमेलने होते. तो विद्यापीठाच्या सर्वसाधारण पत्त्यावर न धाडता देणगीचे काम पाहणाऱ्या विभागाकडे पाठवा. त्याला बहुतेक ठिकाणी ‘अ‍ॅडव्हान्समेंट’ किंवा ‘डेव्हलपमेंट’ कार्यालय म्हणतात. त्यात आपले पूर्ण नाव, पदवीचे वर्ष आणि ज्या क्रमांकावर फोन येतात तो क्रमांक द्या आणि फोन, संदेश, टपाल, ईमेल यांपैकी नेमके काय बंद हवे ते लिहा. माजी विद्यार्थ्यांचे वार्तापत्र हवे असेल तर तेही लिहा, नाहीतर सगळेच बंद होईल. विभाग, ग्रंथालय, क्रीडा संघ, माजी विद्यार्थी संघटना यांच्या याद्या अनेकदा वेगवेगळ्या असतात आणि कधी बाहेरच्या कंपनीलाही काम दिलेले असते, म्हणून ‘आपल्या वतीने फोन करणाऱ्या सर्वांना हे लागू करावे’ हे वाक्य विसरू नका. ‘माझी सर्व माहिती पुसून टाका’ असे मात्र रागाच्या भरात लिहू नका. क्रमांक पुसला गेला तर तो टाळायचा आहे याची खूणही पुसली जाते, आणि पुढे एखाद्या स्नेहमेळाव्याच्या अर्जातून तोच क्रमांक पुन्हा यादीत शिरतो.

कायद्याचा आधार देशानुसार बदलतो. अमेरिकेत 2003 पासून ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आहे, परंतु धर्मादाय देणगीच्या फोनना तिच्यातून सूट असल्यामुळे तेथे क्रमांक नोंदवून हे फोन थांबत नाहीत. मात्र संस्थेने नेमलेल्या बाहेरच्या कंपनीला, त्या संस्थेसाठी पुन्हा फोन करू नका असे आपण सांगितल्यास ते पाळावे लागते. युरोपीय संघात 2018 पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमांनुसार थेट प्रचारासाठी, म्हणजे व्यक्तीला थेट फोन, पत्र किंवा ईमेल करून केलेल्या जाहिरातीसाठी, आपली माहिती वापरण्यास कधीही हरकत घेता येते, आणि हरकत घेतल्यावर तो वापर थांबवावाच लागतो. ब्रिटनमध्येही हाच नियम असून तेथील माहिती आयुक्तांचे कार्यालय देणगीच्या मागणीला थेट प्रचारातच धरते.

गुणपत्रिकेची धास्ती अनाठायी आहे. ते काम कुलसचिवांच्या कार्यालयाचे. प्रत मागणाऱ्याने देणगी दिली की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. शिष्यवृत्तीबद्दल म्हणाल, तर ती आपल्याला पात्रतेवर मिळालेली होती, उसनी नव्हती. ते ऋण आपल्याला मनापासून जाणवत असेल तर आपल्या सवडीने, ठरवलेल्या रकमेत, विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याच शिष्यवृत्तीच्या निधीला देणगी द्या आणि तेथे ‘फोन नको’ हा पर्याय निवडा. आलेल्या फोनवर कार्डाचा क्रमांक मात्र कधीच सांगू नका, कारण पलीकडे खरोखर विद्यापीठच आहे की कोणी तोतया, हे आवाजावरून कळत नाही.

ईमेल गेल्यावरही काही दिवस एखादा फोन येईल, कारण चालू मोहिमेच्या याद्या आधीच काढलेल्या असतात. महिनाभरानंतरही आला, तर त्याची तारीख आणि वेळ लिहून त्याच जुन्या ईमेलला उत्तर म्हणून पाठवा आणि या वेळी विद्यापीठाच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्यालाही प्रत द्या.