पोळे काढण्यापूर्वी : मधमाश्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मधमाश्या कमी होत आहेत अशी तक्रार करणारी पत्रे आणि मधमाश्या घराजवळून हटवायच्या कशा असे विचारणारी पत्रे या वेळी एकाच टपालात आली. दोन्ही प्रकारची पत्रे एकत्र वाचली, तर पहिल्या तक्रारीचे निम्मे उत्तर दुसऱ्या पत्रांत सापडते. त्यांपैकी पाच येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील छज्जाखाली दिवाळीनंतर सुपाएवढे पोळे लागले आहे. एका मुलाला माशी डसल्यापासून सभासद घाबरले आहेत. कीटकनाशक फवारणाऱ्या एका कंपनीने दर कळवला आहे, तर काही जण रात्री टेंभा लावून पोळे जाळावे असे म्हणतात. संस्थेने काय करावे? — गृहनिर्माण संस्थेचे सचिव, मडगाव

उत्तर : एकच उघडे पोळे, त्यावर माश्यांचा काळपट थर आणि उंच जागा, हे आपले वर्णन आग्या मोहोळाचे आहे. आपल्या भीतीला आधार आहे, कारण आपल्याकडील मधमाश्यांत सर्वांत मोठी आणि चिडली तर झुंडीने पाठलाग करणारी माशी हीच. मात्र ती विनाकारण अंगावर येत नाही. समोरच्या इमारतीतून पोळ्याकडे दहा मिनिटे दुर्बिणीने पाहिले, तर एखादी गांधीलमाशी जवळ येताच माश्या ओळीने आपली पोटे उचलतात आणि पोळ्यावरून वाऱ्याने भातशेत हलावे तशी लाट सरकत जाते, हे आपल्याला दिसेल. बहुतेक वेळा तिचा प्रतिकार तेवढ्यावरच थांबतो. दगड, फटाका, धूर किंवा पोळ्याला लागलेला पाण्याचा फवारा हे मात्र तिला हल्ल्याचे कारण देतात.

दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आग्या माश्या कायमच्या राहायला आलेल्या नसतात. फुलोऱ्याच्या मागे त्या स्थलांतर करतात आणि बहर ओसरला की किंवा पावसाळ्याच्या तोंडावर पोळे रिकामे टाकून निघून जातात. त्याच जागी त्या पुन्हा परतण्याची शक्यताही मोठी असते, म्हणून यंदा हजारो माश्या मारण्यासाठी दिलेले पैसे पुढच्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. शिवाय फवारणीने माश्या मेल्या तरी विषारी मध आणि मेण छज्जाखाली तसेच लोंबत राहते, मुंग्या आणि इतर माश्या त्यावर येतात, आणि तो मध घरी नेणारा कोणीतरी निघतोच. जाळण्याविषयी अधिक लिहीत नाही. रात्री जळत्या पोळ्यातून उठलेल्या माश्या उजेडाच्या दिशेने म्हणजे आपल्याच खिडक्यांत शिरतात, आणि आग पडद्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

तेव्हा पोळ्याच्या वरच्या आणि खालच्या मजल्यांवर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी बसवावी, सज्जातील दिवा रात्री बंद ठेवावा, रंगकाम आणि टाकीची साफसफाई पोळे रिकामे होईपर्यंत पुढे ढकलावी, आणि जिन्यात एक साधी सूचना लावावी. पोळे शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारावरच असेल आणि ते हलवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर संध्याकाळी सौम्य धुराने माश्या उठवून पोळे उतरवणारा जाणकार माणूस बोलवावा. फवारणीचा पंप घेऊन येणारा माणूस या कामाचा नव्हे.

डंख झाला तर तेथे उभे राहू नये, कारण डंखाबरोबर पिकलेल्या केळ्यासारखा एक वास सुटतो आणि तो इतर माश्यांना त्याच जागेकडे बोलावतो. तोंड झाकून बंद खोलीत जावे आणि अडकलेली नांगी नखाने लगेच खरवडून काढावी. पाण्यात उडी मारण्यात अर्थ नाही, माश्या वर घोंघावत राहतात. श्वास लागणे, ओठ किंवा जीभ सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले, किंवा एकाच वेळी बरेच डंख बसले, तर घरगुती उपाय न करता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आहे. मोहर भरपूर येतो, पण बी धरत नाही. पूर्वी मोहरावर माश्यांचा आवाज येई, तो आता येत नाही. ढेकण्यासाठी फवारणी केल्याशिवाय चालत नाही. दोन्ही कसे साधावे? — काजू बागायतदार, वाळपई परिसर

उत्तर : आपण आवाजाचा उल्लेख केलात हे फार बरे केले, कारण बागेची तपासणी तेथूनच सुरू होते. काजूच्या एकाच तुऱ्यात नर फुले आणि द्विलिंगी फुले असतात, आणि बी फक्त द्विलिंगी फुलांना धरते. परागकण चिकट असल्याने ते वाऱ्यावर फारसे उडत नाहीत, त्यांना नेणारा कोणीतरी लागतो. ते काम सातेरी (पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी), फुलोरी (झुडपात छोटे पोळे करणारी) आणि पोयाच्या (डंख न मारणाऱ्या) माश्या, रानातील एकेकट्या राहणाऱ्या माश्या, काही मुंग्या आणि इतर कीटक मिळून करतात. एका सकाळी उन्हे वर आल्यावर एखाद्या झाडाच्या दहा तुऱ्यांसमोर पंधरा मिनिटे बसावे आणि किती कीटक येतात ते मोजावे. हीच मोजणी दर आठवड्याला केली, तर फवारणीनंतर आकडा किती पडतो आणि पुन्हा कधी चढतो हे आपल्याच वहीत दिसेल.

ढेकण्या हा खरा शत्रू आहे. तो कोवळी पालवी, मोहर आणि कोवळ्या बिया यांचा रस शोषतो आणि मोहर करपवतो, त्यामुळे फवारणीच करू नका असे सांगणे आपल्याला परवडणारे नाही. प्रश्न वेळेचा आहे. पावसाळा सरल्यावर येणाऱ्या पालवीवर लक्ष ठेवून त्या अवस्थेत कीड आटोक्यात आणली, तर मोहर फुललेला असताना पंप काढण्याची पाळी कमी वेळा येते. तरीही ती आली, तर सरसकट बाग न फवारता कीड दिसणारी झाडेच घ्यावीत आणि माश्या घरी परतल्यानंतर, म्हणजे सूर्य मावळल्यावर फवारावे. दोन-तीन औषधे एका टाकीत मिसळण्याची सवय सोडावी. कोणते औषध किती, हे दुकानदाराला विचारण्याऐवजी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारावे. पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या ढेकण्यावर तुटून पडतात, म्हणून त्या चावतात एवढ्यासाठी त्यांची घरटी जाळू नयेत.

शेजाऱ्यालाही आदल्या दिवशी सांगावे. हे मी अनुभवाने लिहीत आहे. माझ्या कुळागरातील (सुपारी-नारळाच्या बागेतील) एका मधपेटीसमोर एका जानेवारीत सकाळी मूठभर माश्या पडलेल्या आढळल्या, आणि त्यांतील बहुतेकांची सोंड बाहेर लोंबलेली होती. विषबाधेची ही ठळक खूण आहे. अर्ध्या किलोमीटरवरच्या बागेत सकाळी आठ वाजता फवारणी झाली होती. त्या बागायतदाराने मला त्रास देण्यासाठी ते केलेले नव्हते, त्याला पेटी ठाऊकच नव्हती. सातेरी माशी चारा शोधत सुमारे किलोमीटरभर फिरते, तेव्हा आपल्या बागेची हद्द तिच्या दृष्टीने हद्द नसते.

आणखी एक. बी वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला आणि झुडपे पेटवण्याची पद्धत आहे. काजूचा मोहर संपल्यावर माशीला जगवणारी रानफुले त्याच झुडपांत असतात. 2023 च्या मार्च महिन्यात म्हादई अभयारण्य कसे पेटले होते हे सत्तरीतील माणसाला सांगायला नको. झुडपे कोयत्याने कापावीत आणि बांधाकडची राखून ठेवावीत.

प्रश्न : जागतिक मधमाशी दिनानिमित्त शाळेत कार्यक्रम करायचा आहे. ‘मधमाश्या नाहीशा झाल्या तर मानवजात चार वर्षांत संपेल’ हे आइन्स्टाइनचे वाक्य फलकावर लिहावे असे ठरले आहे. आणखी काय करता येईल? — शिक्षिका, डिचोली

उत्तर : ते वाक्य लिहू नये. आइन्स्टाइनने ते लिहिल्याचा किंवा उच्चारल्याचा पुरावा नाही, आणि त्यातील हिशेबही बरोबर नाही. आपले भात मुख्यतः स्वतःच्याच परागावर फळते, त्याला माशी लागत नाही. माश्या संपल्या तरी पेज मिळेल, तोंडी लावायला काकडी, भोपळा, कलिंगड मिळणार नाही किंवा दुर्मीळ होईल. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या जैवविविधतेवरील शास्त्रीय मंचाच्या 2016 च्या अहवालानुसार जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी 75 टक्क्यांहून अधिक प्रकारची पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत, पण उत्पादनाच्या वजनात पाहिले तर तो वाटा सुमारे 35 टक्के भरतो. हे दोन्ही आकडे शेजारी लिहिले, तर मुलांना विचार करायला काहीतरी मिळेल. जगातील पाळीव मधपेट्यांची एकूण संख्या गेल्या काही दशकांत वाढलेली आहे, हेही त्यांना सांगावे; काळजी आहे ती मुख्यतः रानातल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या माश्यांची.

हा दिवस 20 मे रोजी असतो. स्लोव्हेनियातील अठराव्या शतकातील मधमाशीपालक आंतोन यान्शा याच्या स्मरणार्थ ही तारीख निवडली गेली आणि 2018 पासून तो पाळला जातो. आपल्याकडे तेव्हा सुट्टी असते, त्यामुळे कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत करावा; तेव्हा दाखवायला फुले आणि माश्या दोन्ही असतात. मुलांना घेऊन शाळेच्या जुन्या चिरेबंदी भिंती तपासाव्यात. एखाद्या भेगेतून बोटभर लांबीची, मेणचट, काळपट नळी बाहेर आलेली दिसली, तर ते पोयाच्या माशीचे दार असते. ही माशी डंख मारत नाही, म्हणून पहिलीतल्या मुलालाही जवळून दाखवता येते. गिलावा करणाऱ्या गवंड्याला ती भेग सोडायला सांगणे हा कार्यक्रमाचा सर्वांत उपयोगी भाग ठरेल. माशी ज्या नृत्याने पोळ्यातील इतर माश्यांना फुलांची दिशा सांगते, ते मोठ्या मुलांकडून करून घ्यावे : पोळ्यावर सरळ वर जाणे म्हणजे सूर्याच्या दिशेने, आणि उभ्या रेषेपासून जेवढा कोन, तेवढ्या कोनात सूर्याच्या डावी-उजवीकडे फुले. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मुले घरी कोंकणीत माशीला ‘म्होंवामूस’ म्हणत असतील, तर फलकावर तो शब्दही असू द्यावा.

प्रश्न : मी सांग्यात राहतो. बाहेरच्या राज्यातून मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) माश्यांच्या पेट्या आणून व्यवसाय करावा असा विचार आहे, कारण त्या मध जास्त देतात. योग्य ठरेल का? — तरुण शेतकरी

उत्तर : मध जास्त देतात हे खरे, परंतु मेलिफेराला सलग मोठा फुलोरा लागतो, आणि तो मिळवण्यासाठी तिचे पाळणारे उत्तरेत मोहरीच्या मागे पेट्या ट्रकने फिरवतात. आपल्याकडे चार महिने पाऊस, आणि फुलोरा विखुरलेला. मी सातेरीने सुरुवात करण्याचा सल्ला देईन. व्हरोआ नावाचा परजीवी कोळी मूळचा सातेरीच्याच जातीवरचा, त्यामुळे ती अंगावरचे कोळी स्वतः टिपून काढते. मेलिफेराला ते तितकेसे जमत नाही. सातेरीचा दोष असा की, तिला त्रास झाला तर ती पेटी सोडून सरळ निघून जाते. मुसळधार जुलैमध्ये केवळ कुतूहलापोटी पेटी उघडून मी एक वसाहत अशीच घालवली आहे.

लांबून आणलेल्या कोणत्याही वसाहतीबरोबर रोग येण्याचा धोका असतो. 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूने कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूतील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरतात, आणि त्यावर औषध नाही. म्हणून दोन पेट्या जवळच्या पाळणाऱ्याकडून, पाऊस ओसरल्यावर घ्याव्यात आणि त्याआधी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी शिकून यावे. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पावसाळ्यात साखरेचा पाक द्यावा आणि रिकाम्या चौकटी काढून घ्याव्यात, नाहीतर मेणकिडा शिरतो. रानातले पोळे फोडून पेटी भरू नये. सातेरी कधी कधी वारुळातही घर करते, आणि वारुळाला सातेरी देवी म्हणून पूजणाऱ्या गोव्यात हे नाव जुळावे याची मला गंमत वाटते. भाषेच्या दृष्टीने दोन्हींचा काही संबंध आहे का, ते जाणकारांनी पाहावे.

प्रश्न : बाजारातून आणलेला मध तळाशी साखरेसारखा घट्ट झाला. तो भेसळीचा समजावा का? — गृहिणी, फोंडा

उत्तर : नाही. पुष्कळसे शुद्ध मध थंडीत रवाळ होतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पूर्ववत होतात. काडी पेटवणे, पाण्यात थेंब सोडणे या घरगुती परीक्षांनी भेसळ कळत नाही. फेस येऊन आंबूस वास सुटला, तर मात्र मधात पाणी जास्त आहे, म्हणजे पोळे पक्व होण्याआधीच काढले गेले असे समजावे. वर्षाच्या आतील बाळाला कोणताही मध देऊ नये.

रस्त्याकडेला मध घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा : मध पोळे पिळून काढला की यंत्राने? पिळलेला मध गढूळ असतो, त्यात मेणाचे कण असतात आणि बऱ्याचदा अळ्यांचा रसही उतरलेला असतो; अशा बाटलीमागे एक अख्खी वसाहत मोडलेली असते. यंत्राने काढलेल्या मधात चौकट रिकामी होऊन पुन्हा पेटीत जाते. विकणारा चिडला तर समजावे की उत्तर मिळाले.