बुकशेल्फ स्पीकर आहेत, सबवूफर (फक्त बेस म्हणजे खालचे, जाड सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) जोडू का?
काय ऐकता त्यावर आहे. ५ इंची वूफरवाले (खालचे सूर काढणारा स्पीकरचा मोठा गोल पडदा) स्पीकर साधारण ५०-६० हर्ट्झच्या (आकडा जितका कमी तितका सूर खालचा) खाली दमतात आणि बेस गिटारची सगळ्यात जाड तार असते ४१ हर्ट्झची, म्हणजे तेवढं तुम्हाला नीट ऐकूच येत नाहीये. पण भावगीतं, गझलाच ऐकत असाल तर राहू द्या की, पैसे वाचवा. आधी स्पीकर भिंतीजवळ सरकवून बघा, फुकटात बेस वाढतो. तरी कमी वाटला तर घ्या, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, आणि सब आपल्या बसायच्या जागी ठेवून गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगायचं, जिथे बेस स्वच्छ वाटेल तिथे सब (घरचे हसतील, हसू द्या). फ्लॅट असेल तर खालचे भांडायला येणार हे धरून चाला.