पूर, दरड अशा बातम्यांनंतर वर्गात कवितेचा उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की पूर, दरड, मोठा अपघात अशी बातमी आली की तुमची सातवी-आठवीची मुलं एकतर गप्प होतात, नाहीतर त्यावर हसतात. अशा वेळी कविता घ्यावी का? जरूर घ्यावी. पण मी आधी कुठे चुकले ते सांगते.

मी सांगलीजवळ मराठी शिकवते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. शाळा उघडली तेव्हा गाळाची रेघ फळ्याच्याही वर होती आणि हजेरीपट भिजून फुगला होता. पहिल्याच तासाला मी कुसुमाग्रजांची ‘कणा’ घेतली. पुरात संसार गेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो, पैसे नाकारतो आणि फक्त पाठीवर हात मागतो. याहून चांगली कविता कुठली, असं मला वाटलं. कविता निम्मी झाली आणि एक मुलगा उठून बाहेर गेला. कवितेतली भिंत खचते, तशी त्याच्या घरची आठवड्यापूर्वीच पडली होती. आणि मी विचारत होते, कवीला काय म्हणायचं आहे!

मग पंधरा दिवस मी पुराचं नाव काढलं नाही. नंतर जात्यावरच्या ओव्या घेतल्या. घरात कुणाला सांगता येत नव्हतं ते बाया दळताना जात्याला सांगायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी अशा लाखभर ओव्या गोळा केल्या आहेत. मुलांना म्हटलं, जात्याऐवजी घरातली भिजलेली एक वस्तू घ्या आणि तिच्याशी बोला. एका मुलीने लिहिलं:

मशीनबाई गं माझे, तुझी गंजली गं सुई
तेल घालीत बसते, माझी बोलत नाही आई

“तुला काय वाटलं?” असं विचारलं असतं, तर तिने “वाईट वाटलं” म्हणून विषय संपवला असता.

लांबच्या बातमीचं मात्र उलटं असतं. जुलै २०२३ मध्ये रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा आमच्या मुलांनी ‘निसर्गाचा कोप’, ‘आक्रोश’ असे तयार शब्द धडाधड लिहिले. म्हणून मी दुःख, वेदना, आक्रोश हे शब्दच बंद केले आणि सांगितलं, बातमीतला एकच तपशील धरा. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मदतीला गेलेले लोक पावसात डोंगर चढून गेले, हे एकाने धरलं. त्याची कविता त्या चिखलाच्या वाटेवरच राहिली, दरडीपर्यंत गेलीच नाही. मला ती सगळ्यांत खरी वाटली.

या वह्यांना मी गुण देत नाही, लाल पेन लावत नाही, शुद्धलेखनसुद्धा सोडून देते. वाचून दाखवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. एखादं मूल झोपत नसेल, जेवत नसेल, तर तिथे कवितेवर विसंबू नका. पालकांशी बोला, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यांना द्या.

‘कणा’ मी अजूनही घेते. पण आदल्या दिवशी सांगून ठेवते की उद्या पुराची कविता आहे, कुणाला नको असेल तर त्या तासाला खुशाल ग्रंथालयात बसा, कारण विचारणार नाही.